अमेरिकेतील स्वस्त प्रीपेड सिम आणि भारतातून नेलेला फोन

अमेरिकेत मुलांकडे पाच-सहा महिने राहायला जाणाऱ्या आईवडिलांपुढे फोनचा प्रश्न विमानाचे तिकीट निघाले की लगेच उभा राहतो. भारतीय कंपन्यांचे रोमिंग पॅक आठ-दहा दिवसांच्या सहलीला ठीक असतात, पण एवढ्या मुक्कामाला ते परवडत नाहीत. आणि मुलाच्या किंवा मुलीच्या फॅमिली प्लॅनमध्ये आणखी दोन नंबर घ्यायचे, तर त्यांच्या बिलावर आपला बोजा पडतो, जे आपल्या पिढीला रुचत नाही. तिसरा मार्ग म्हणजे मोठ्या कंपनीचे टॉवर भाड्याने वापरून स्वतःच्या नावाने सिम विकणाऱ्या छोट्या प्रीपेड कंपन्यांचा. न्यू जर्सीतील एडिसनला मुलीकडे मुक्कामाला असताना मी आणि सौभाग्यवतींनी टी-मोबाईलच्या टॉवरवर चालणाऱ्या अशाच एका कंपनीची सिमे घेतली, आणि त्या सेवेचे हे परीक्षण आहे. कंपनीचे नाव मुद्दामच देत नाही, कारण जे गुणदोष आढळले ते या धंद्याच्या रचनेतूनच येतात आणि पाटी बदलली म्हणून फारसे बदलत नाहीत. माझे मत आधीच सांगून टाकतो : पैशाच्या मानाने ही सेवा उत्तम आहे, पण सिम हातात ठेवले की आपले काम संपले असे ती मानते, आणि फोनमध्ये नेट सुरू करण्याचे उरलेले काम ग्राहकाच्या गळ्यात पडते.

सिम घेण्याआधी तिथली परिस्थिती समजून घेणे आवश्यक आहे. अमेरिकेत देशभर स्वतःचे जाळे असलेल्या मोठ्या कंपन्या तीन : व्हेरायझन, एटी अँड टी आणि टी-मोबाईल. चौथी स्प्रिंट ही १ एप्रिल २०२० रोजी टी-मोबाईलमध्ये विलीन झाली. बाजारात दिसणारी बाकीची बहुतेक नावे या तिघांपैकी कोणाच्या तरी टॉवरवर चालतात. काही तर त्यांच्याच मालकीची आहेत. २०२२ या एका वर्षात तिघांनीही आपापले थ्रीजी जाळे बंद केले. एटी अँड टीने फेब्रुवारीत, टी-मोबाईलने जुलैत आणि व्हेरायझनने वर्षअखेरीस. तेव्हापासून तिथे साधा फोन कॉलसुद्धा फोरजीवरून, म्हणजे व्होल्टीवरून जातो. जिओचे सिम वापरणाऱ्याला यात नवीन काही वाटणार नाही, कारण जिओकडे पहिल्या दिवसापासून फोरजीखालचे जाळेच नाही. अडचण अशी की फोनमध्ये व्होल्टी असणे पुरेसे नसते. त्या विशिष्ट कंपनीच्या जाळ्यावर व्होल्टी कसे चालवायचे, याची माहिती फोन बनवणाऱ्याने त्यात घातलेली असावी लागते. एटी अँड टीने तर आपल्या जाळ्यावर चालणाऱ्या फोनची यादीच प्रसिद्ध केली आहे आणि त्या यादीत नसलेला मॉडेल तिथे चालू करून मिळत नाही, मग तो तांत्रिकदृष्ट्या कितीही सक्षम असो. बाहेरून आणलेल्या फोनच्या बाबतीत तिघांमध्ये टी-मोबाईल सर्वांत सैल मानली जाते, आणि म्हणूनच भारतातून फोन घेऊन जाणाऱ्याने तिच्या टॉवरवरची कंपनी निवडणे शहाणपणाचे.

आपल्याकडे विकले जाणारे जवळजवळ सगळेच फोन अनलॉक्ड असतात, त्यामुळे आपण तो मुद्दा निकालात निघाला असे समजतो. अमेरिकेत मोठ्या कंपनीकडून हप्त्याने घेतलेला फोन त्या कंपनीपुरता बांधलेला असतो आणि बहुधा हप्ते फिटेपर्यंत दुसऱ्या कंपनीचे सिम स्वीकारत नाही, म्हणून तिथल्या लोकांना या शब्दाचे एवढे अप्रूप. भारतीय फोनची खरी अडचण कुलपाची नसून बँडची, म्हणजे फोन टॉवरशी ज्या लहरींच्या पट्ट्यांवर बोलतो त्यांची आहे. आपल्याकडे फोरजी मुख्यतः बँड ३, ५, ८ आणि ४० यांवर चालते, तर टी-मोबाईलचे फोरजी बँड २, ४, ६६, १२ आणि ७१ यांवर. केवळ भारतीय बाजारासाठी काढलेल्या स्वस्त हँडसेटमध्ये या दुसऱ्या यादीतले एक-दोनच बँड असतात, कधी एकही नसतो. आयफोनमध्ये आणि महागड्या अँड्रॉइड फोनमध्ये त्यांतले बहुतेक असतात. फोनच्या खोक्यावर हे क्वचितच छापलेले असते. कंपनीच्या संकेतस्थळावर आपल्या मॉडेलचा पूर्ण क्रमांक घालून भारतीय आवृत्तीचे तपशील पाहावेत, कारण त्याच नावाने युरोपात विकल्या जाणाऱ्या फोनचे बँड वेगळे असू शकतात.

दुसरी तपासणी आणखी सोपी आहे. स्टार-हॅश-शून्य-सहा-हॅश असे डायल केले की पंधरा आकडी आयएमईआय, म्हणजे त्या फोनचा ओळख क्रमांक पडद्यावर येतो. तो सिम विकणाऱ्या कंपनीच्या पानावर टाकला की फोन चालेल की नाही ते कळते, आणि हे सगळे पुण्यात किंवा साताऱ्यात बसून, निघण्यापूर्वी करता येते. आमच्या दोन्ही फोनना तिथे हिरवी खूण मिळाली होती. एकाच्या बाबतीत ती अर्धीच खरी ठरली, त्याविषयी पुढे.

सिम विकत घेण्याचा आणि चालू करण्याचा भाग मात्र खरोखर वाखाणण्यासारखा आहे. टार्गेट, बेस्ट बाय, वॉलमार्ट अशा मोठ्या दुकानांत प्रीपेड सिमची पाकिटे भिंतीवर टांगलेली असतात. ती उचलायची, काउंटरवर पैसे द्यायचे आणि घरी यायचे. ओळखपत्र नाही, आधार नाही, फोटो नाही, बोटाचा ठसा नाही. नऊ सिमांच्या मर्यादेची आणि केवायसीची सवय असलेल्या माणसाला हे इतके सोपे वाटते की क्षणभर काही चुकते आहे की काय अशी शंका येते. पाकिटातला कोड कंपनीच्या ॲपमध्ये टाकला, राहत्या जागेचा पाच आकडी झिप कोड दिला, की त्या भागातले नंबर समोर येतात. एडिसनचे नंबर ७३२ किंवा ८४८ ने सुरू होतात. नंबर निवडला, इमेल दिला आणि काही मिनिटांत सौभाग्यवतींच्या आयफोनवर रेंजही आली आणि नेटही.

पैसे भरण्याच्या ठिकाणी एक खड्डा आहे, तो आधीच सांगितलेला बरा. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार आपल्या कार्डांवर परदेशी व्यवहार मुळात बंद असतात आणि ते बँकेच्या ॲपमधून चालू करावे लागतात. ते केले तरी अमेरिकेतील बहुतेक दुकाने कार्डाच्या बिलाच्या पत्त्याचा झिप कोड मागतात, आणि आपला सहा आकडी पिन कोड त्या पाच आकडी रकान्यात मावत नाही. तेव्हा मुलाचे किंवा मुलीचे कार्ड वापरावे आणि हिशेब घरात चुकता करावा. योजनेचा दर महिन्याला १५ डॉलर असा मोठ्या अक्षरांत छापलेला होता, पण तीन महिन्यांचे पैसे एकदम भरावे लागतात, त्यावर कर आणि शुल्क वेगळे लागते आणि तो दर पहिल्या खेपेपुरताच असतो. सहा महिने राहणाऱ्याने दुसऱ्या तिमाहीचा दर आधी विचारून घ्यावा. तो बारीक अक्षरांत असतो.

माझा फोन भारतात घेतलेला मध्यम किमतीचा अँड्रॉइड. त्यावर सिम चालू झाले, रेंजच्या चार काड्या दिसल्या, मुलीने समोर उभे राहून फोन लावला तर घंटी वाजली, बोलणेही झाले. मात्र वाय-फाय बंद केले की काहीच उघडत नव्हते. काड्यांशेजारी जे 4जी किंवा एलटीई दिसायला हवे त्याची जागा रिकामी होती. ही खूण ओळखून ठेवावी. काड्याच नसतील तर दोष बँडचा किंवा सिमचा; काड्या आहेत, बोलणे होते आणि नेट तेवढे नाही, तर दोष बहुधा एपीएनचा, म्हणजे नेटसाठी कोणत्या दाराशी जायचे हे फोनला सांगणाऱ्या सेटिंगचा. बोलण्याचा मार्ग आणि नेटचा मार्ग जाळ्यात वेगवेगळे असतात, म्हणून एक चालू आणि दुसरा बंद असे होऊ शकते.

कंपनीच्या ग्राहकसेवेशी ॲपमधून लेखी संवाद करता येतो, आणि उत्तर लगेच येते हेही मान्य केले पाहिजे. पण जे येते ते ठरीव मजकुराचे तुकडे असतात. फोन बंद करून चालू करा; सिम काढून घाला; नेटवर्क सेटिंग रीसेट करा. हे तिसरे करण्यापूर्वी सावध राहावे, कारण त्याने घरातल्या वाय-फायचे पासवर्ड आणि ब्लूटूथच्या जोडण्याही पुसल्या जातात. पलीकडच्या व्यक्तीने माझ्या फोनच्या कंपनीचे नाव दोनदा विचारले आणि शेवटी सेटिंगचे जे पान पाठवले, ते अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या एका निराळ्या फोनचे होते. त्यात दाखवलेला एकही मेनू माझ्या फोनमध्ये त्या नावाने नव्हता. "बाबा, त्यांना विचारत बसू नका, एपीएन हातानेच भरू," असे मुलगी म्हणाली आणि तेच योग्य होते.

हे असे का होते, हे कळले की दुरुस्ती अवघड वाटत नाही. प्रत्येक सिमवर देशाचा आणि जाळ्याचा क्रमांक असतो, टी-मोबाईलचा ३१०-२६०. फोनमध्ये जगभरातल्या कंपन्यांच्या सेटिंगची एक यादी आधीच भरलेली असते आणि सिम घातल्यावर फोन तो क्रमांक पाहून यादीतून सेटिंग उचलतो. टी-मोबाईलचे टॉवर भाड्याने घेणाऱ्या छोट्या कंपनीच्या सिमवरही हाच क्रमांक असतो. ती वेगळी आहे हे सिमवरच्या आणखी एका बारीक खुणेवरून ओळखायचे असते. अमेरिकेत विकायच्या फोनमध्ये आणि आयफोनमध्ये ती खूण ओळखण्याची सोय बनवणाऱ्याने केलेली असते. भारतातल्या ग्राहकासाठी बनवलेल्या फोनमध्ये जिओ, एअरटेल, व्हीआय आणि बीएसएनएल बिनचूक असतात, पण अमेरिकेतल्या भाडेकरू कंपन्यांची नोंद करण्याचे कोणाला सुचत नाही. त्यामुळे फोन सिमला मालक कंपनीचेच समजतो, मालकाच्या दाराशी जाऊन नेट मागतो, आणि तिथे या सिमचे खाते नसल्याने त्याला परत पाठवले जाते. आयएमईआयच्या तपासणीत मिळालेली हिरवी खूण या बाबतीत काहीच बोलत नाही. ती फक्त फोन जाळ्यात शिरू शकतो एवढेच सांगते.

दुरुस्ती अशी. सेटिंगमध्ये मोबाईल नेटवर्क, त्यात अमेरिकेचे सिम, त्यात ॲक्सेस पॉइंट नेम्स; फोनच्या जातीनुसार शब्द थोडे इकडे-तिकडे होतात. तिथे वरच्या कोपऱ्यातल्या अधिकच्या खुणेने नवीन एपीएन उघडायचा. पहिल्या रकान्यातील नाव आपल्या सोयीसाठी असते, तिथे काहीही चालते. दुसरा रकाना एपीएनचा, आणि सगळा खेळ याच एका शब्दाचा आहे : तो कंपनीच्या मदतीच्या पानावर दिलेला असतो, आणि तो इंग्रजीत, मध्ये किंवा शेवटी जागा न सोडता, जसाच्या तसा लिहावा लागतो. कीबोर्डने सुचवलेला शब्द स्वीकारला तर तो शेवटी एक जागा सोडतो. ती डोळ्यांना दिसत नाही, पण नेट अडवते. स्वतः टी-मोबाईलचे सिम असेल तर हा शब्द 'फास्ट डॉट टी-मोबाईल डॉट कॉम' असा असतो; भाडेकरू कंपनीचा वेगळा असतो. युजरनेम, पासवर्ड, प्रॉक्सी आणि पोर्ट हे रकाने सहसा कोरेच ठेवायचे असतात. एमएमएससीच्या रकान्यात कंपनीने दिलेला लांबलचक पत्ता भरावा, कारण तो नसेल तर नेट चालते पण फोटोचे संदेश येत नाहीत. आपण सगळे व्हॉट्सॲपवर असतो, तरी तिथले शेजारी आणि नातवंडांच्या मित्रांचे आईवडील साध्या संदेशांचे गट करतात आणि ते एमएमएसमधूनच येतात. एपीएन टाइप या रकान्यात डीफॉल्ट, एसयूपीएल आणि एमएमएस हे तीन शब्द स्वल्पविरामाने जोडून लिहावेत. प्रोटोकॉल आयपीव्ही४ आणि आयपीव्ही६ असा दुहेरी ठेवावा, कारण टी-मोबाईलचे जाळे मुळात आयपीव्ही६ वर चालते आणि जुन्या पद्धतीचा एकेरी पर्याय ठेवलेला फोन तिथे अडखळतो. एमसीसी आणि एमएनसी या दोन रकान्यांत ३१० आणि २६० आधीच आलेले असतात, त्यांना हात लावू नये. ते बदलले तर साठवलेला एपीएन यादीतून दिसेनासाच होतो आणि माणूस पुन्हा पुन्हा तोच भरत बसतो.

सगळे भरून झाल्यावर मागे येण्याचे बटण दाबायचे नाही. तीन टिंबांच्या मेनूत जाऊन सेव्ह करायचे, मग यादीत परत येऊन नव्या नावासमोरचे वर्तुळ निवडायचे, आणि एकदा एरोप्लेन मोड चालू करून बंद करायचा. आमच्या फोनवर काड्यांशेजारी एलटीई उमटले ते या शेवटच्या पायरीनंतर. तरीही पाने उघडली नाहीत तर प्रायव्हेट डीएनएसमध्ये पूर्वी कधी काही नाव भरलेले आहे का ते पाहावे आणि ते स्वयंचलित करावे. व्हीपीएनचे ॲप असेल तर तेही थांबवावे. आयफोनमध्ये काही कंपन्यांच्या सिमवर एपीएनचे रकाने दिसतही नाहीत, कारण कंपनीची सेटिंग ॲपल स्वतः पुरवते; तिथे अडचण आली तर सॉफ्टवेअर अद्ययावत करणे हाच पहिला उपाय.

आता दोन सिमांविषयी, कारण आपल्या लोकांचे पैसे खरे इथे जातात. भारतातले सिम काढून डबीत ठेवणे परवडत नाही. बँकेचे ओटीपी त्यावरच येतात आणि परदेशात रोमिंग चालू असलेल्या सिमवर येणाऱ्या संदेशांना सहसा पैसे पडत नाहीत. म्हणून दोन्ही सिमे फोनमध्येच राहतात. अशा वेळी मोबाईल डेटासाठी अमेरिकेचे सिम निवडावे, भारतीय सिमचे डेटा रोमिंग बंद करावे आणि एक तिसरी गोष्ट न विसरता करावी : एका सिमची रेंज गेली की दुसऱ्यावर नेट वळवण्याची जी सोय अलीकडच्या फोनमध्ये असते, ती बंद करावी. ती चालू राहिली आणि रोमिंगही उघडे असले, तर पोकोनोच्या डोंगरात अमेरिकेचे सिम गप्प झाल्याबरोबर भारतीय सिम आंतरराष्ट्रीय दराने नेट ओढू लागते आणि ते कळते बिल किंवा शिल्लक पाहिल्यावर. भारतीय सिमवर आलेला फोन उचलला तरी पैसे लागतात, हे नातेवाइकांना सांगून ठेवलेले चांगले. व्हॉट्सॲप मात्र नवे सिम पाहून नंबर बदलायचा का असे विचारते, तेव्हा नाही म्हणावे. भारतीय नंबरावरच ते नव्या सिमच्या नेटवर निर्वेध चालते.

वाय-फाय कॉलिंगची सोय या स्वस्त योजनेतही होती, आणि तळघर असलेल्या तिथल्या लाकडी घरांत ती फार उपयोगी पडते. ती चालू करताना अमेरिकेतला पत्ता भरावा लागतो. तो उगाच मागितलेला नसतो. ९११ या तिथल्या आणीबाणीच्या नंबरला वाय-फायवरून फोन गेला तर मदत कुठे पाठवायची हे त्या पत्त्यावरून ठरते. घर बदलले, दुसऱ्या मुलाकडे टेक्सासला गेलो, तर तोही बदलला पाहिजे. माझ्या फोनमध्ये हा पर्याय दिसला नाही, सौभाग्यवतींच्या आयफोनमध्ये दिसला. कारण पुन्हा तेच, बनवणाऱ्याने त्या कंपनीसाठी सोय केली आहे की नाही.

एकदा सुरळीत झाल्यावर सेवेने निराश केले नाही. एडिसन, मेट्रोपार्क स्थानक, ओक ट्री रोड, ब्रिजवॉटरचे बालाजी मंदिर या आमच्या नेहमीच्या वाटांवर व्हिडिओ कॉल न तुटता होत असे. गर्दीच्या वेळी मात्र फरक जाणवतो. टॉवरवर ताण आला की मालक कंपनीच्या महागड्या योजनांच्या ग्राहकांना आधी वाट मिळते आणि भाडेकरू कंपनीचा ग्राहक मागे राहतो. हे योजनेच्या अटींत लिहिलेलेही असते. शनिवारी संध्याकाळी ओक ट्री रोडवर काड्या भरलेल्या असूनही नकाशा उघडायला वेळ लागायचा, तो यामुळे. मोठ्या दुकानांच्या आतल्या भागात सौभाग्यवतींच्या फोनला रेंज असे आणि माझ्याला नसे. ६०० मेगाहर्ट्झचा बँड ७१ आणि ७०० चा बँड १२ भिंतींतून आत पोहोचतात, आणि माझ्या फोनमध्ये त्यांपैकी एकही नाही. हा दोष सेवेच्या खात्यावर टाकता येणार नाही.

ग्राहकसेवेला मी पाचपैकी दोन देईन, किमतीला आणि सिम चालू करण्याच्या सोपेपणाला पूर्ण पाच. ज्याच्या घरात एपीएनचे रकाने भरू शकणारे कोणी आहे, किंवा ज्याच्याकडे आयफोन आहे, त्याने बेलाशक ही सेवा घ्यावी. एकट्याने राहणाऱ्या, फोनच्या सेटिंगला हात लावायला घाबरणाऱ्या व्यक्तीसाठी मोठ्या कंपनीच्या दुकानात जाऊन, समोरच्या माणसाकडून नेट चालू करून घेऊन मगच बाहेर पडणे बरे. त्याचे चार पैसे जास्त जातात, पण दुकानातला माणूस फोन हातात घेऊन पाहतो, आणि ही सोय ॲपमधल्या संवादात मिळत नाही.

परतीच्या आधी एक काम उरते. मुदत संपल्यावर कार्डातून आपोआप पैसे कापून योजना पुढे चालू ठेवण्याची सोय या कंपन्या सुरुवातीलाच चालू करून ठेवतात. ती ॲपच्या खात्यात जाऊन बंद करता येते, पण त्यासाठीचा पडताळणीचा कोड त्याच अमेरिकन नंबरावर येतो, आणि या स्वस्त सिमला भारतात रेंज मिळेलच असे नाही. म्हणून विमानतळाकडे निघण्यापूर्वी, सिम चालू असतानाच ते करावे, आणि पैसे ज्या कार्डातून जातात त्या मुलीला किंवा मुलाला पुढच्या महिन्याचे बिल एकदा पाहायला सांगावे.